मातीची बाई घेऊन चाकणला

पिंपरी-चिंचवडला जाऊन आले असं नांदेडात कुणालाही सांगितलं, की समोरचा विचारतो, "मुलगा असतो का तिकडं?" आमच्याकडच्या लोकांना तिकडं जाण्याची दोनच कारणं ठाऊक आहेत. एक तर कंपनीत नोकरी, नाहीतर नोकरीला लागलेल्याच्या घरी मुक्काम. मला मूलबाळ नाही आणि कंपनीनं घ्यावं असं माझं वय राहिलेलं नाही. मी एक बाई मोठी करून घ्यायला गेले होते.

बाई मातीची, वीतभर उंचीची. बाकावर बसलेली, पाठ थोडी वाकलेली, दोन्ही हात मांडीवर. निगडीतल्या एका प्रसूतिगृहाच्या अंगणात तिला बसवायचं होतं, पण माणसापेक्षा थोडी मोठी. बाकाचा अर्धा भाग मोकळा ठेवायचा, म्हणजे बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना तिच्याशेजारी टेकता येईल. कल्पना माझी होती. ती पुरी करायची ताकद माझ्यात नव्हती.

मी नांदेडच्या चित्रकला महाविद्यालयात शिल्पकला शिकवायची. निवृत्त झाले आणि पाठोपाठ उजव्या हाताला कंप सुरू झाला. गोळ्या आहेत, डॉक्टर आहेत, पण हात हलायचा तो हलतोच. स्टुलावर चढून मातीचे गोळे थापणं बंद झालं, म्हणून मी लहान लहान करत गेले. आधी हातभर, मग वीतभर. येणारी कामं नाकारायची सवय लागली. हे कामही नाकारणार होते. पण ते ज्या मुलीनं माझ्यापर्यंत आणलं होतं, तिनं फोनवर ऐकूनच घेतलं नाही.

सुजाता माझी विद्यार्थिनी. घर काळेवाडीत, पण मामा नांदेडला म्हणून ती शिकायला आमच्याकडं होती. आता चाकणजवळ एका शेडमध्ये भागीदारीत तिचं काम चालतं. कॉम्प्युटरवर आकार करायचा आणि तो यंत्राकडून कापून किंवा छापून घ्यायचा. "मॅडम, तुम्ही वीतभर करा," ती म्हणाली, "मोठी करायचं माझ्याकडं लागलं."

मेट्रो आणि काळेवाडी

रेल्वेचा प्रवास सांगण्यासारखा नाही. पुण्याला उतरून मेट्रो धरली, तिथून मात्र गंमत सुरू झाली. बाईला मी कुकरच्या रिकाम्या खोक्यात कापूस आणि जुन्या सुती साडीच्या चिंध्या भरून ठेवलं होतं. सामान तपासायच्या यंत्रातून खोकं बाहेर आलं आणि पडद्यासमोर बसलेल्या गणवेशातल्या बाईंनी मला थांबवलं.

"कुकर आहे ना यात?"

"नाही. बाई आहे."

"काय?"

"मातीची बाई आहे. बसलेली."

उघडून दाखवावं लागलं. चिंध्या बाजूला करून त्यांनी आत वाकून पाहिलं. मागं रांग लागली होती, पण त्या बघतच राहिल्या. "हिला थंडी वाजतीय का हो?" त्यांनी विचारलं. "अंगावर शहारा आल्यासारखं वाटतंय."

मी खोकं बंद केलं. मातीवर माझ्या बोटांचा कंप उमटला होता, बारीक लाटांसारखा. तो फक्त मलाच दिसतो अशी माझी समजूत होती.

पिंपरीला सुजाता घ्यायला आली होती. तिची आई कमलताई काळेवाडीच्या घरी स्वयंपाक करून वाट बघत होत्या. गल्लीत शिरताना मला वाटलं, गाडी फिरून परत मराठवाड्यातच आली की काय. केस कापणारा उदगीरचा, भाजीवाली परभणीकडची, आणि दळण घेऊन निघालेले एक काका माझं बोलणं ऐकून थबकले. "नांदेडहून आलाव का बाई? बोलण्यावरनं वाटलंच." आमच्या गावी माणसं एकमेकांना आडनावानं ओळखतात. इथं आधी जिल्हा विचारतात, आणि जिल्हा जुळला की आडनावाशिवाय काम भागतं.

जेवायला ज्वारीची भाकरी, सुकटीची चटणी आणि पातळ पिठलं होतं. कमलताईंनी सगळी नोकरी कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडण्यात काढलेली. बोलताबोलता त्यांनी शेल्फावरची मूर्ती खाली काढून माझ्या हातात दिली. बुद्धाचं मस्तक, पांढरं, आणि त्यावर जवळून पाहिलं तर एकावर एक रेषा, कांद्याच्या पातीसारख्या बारीक.

"पोरीनं शेडमधून आणला," त्या म्हणाल्या. "मशीननं छापला म्हणे. मी विचारलं, हात कुणी लावला याला? तर म्हणाली, कुणीच नाही. म्हणून मग मीच रोज पुसते."

"आई सगळ्या पाहुण्यांना हेच सांगते," सुजाता हसून म्हणाली.

"मग? खोटं आहे का?"

तळवडेमार्गे

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाताच्या व्हॅनमधून निघालो. निगडीची झाडं आणि बंगले मागं पडले, तळवड्याला आयटीच्या बसगाड्या आडव्या आल्या, आणि मग एकामागं एक ट्रेलर. प्रत्येकावर दोन मजल्यांत नव्या कोऱ्या गाड्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. इंद्रायणीच्या पुलावर पाणी दिसेना, नुसती हिरवीगार जलपर्णी. ते हिरवं दुरून इतकं सुंदर दिसतं, की ते नदीचं दुखणं आहे हे सुजातानं सांगितल्यावरच कळलं. पुढं गोदामांच्या पत्र्यांमध्ये मध्येच एखादा कांद्याचा वाफा लागतो आणि त्याच्या बांधाला लागून कंपनीची भिंत. लांबवर डोंगराची निळी रांग. आमच्याकडं शेत संपतं तिथं गाव सुरू होतं. इथं शेत, गाव आणि कारखाना यांना कुणी रांगेत उभंच केलेलं नाही.

महाळुंग्याच्या अलीकडं एका खड्ड्यानं व्हॅन उडाली. मी खोकं छातीशी धरलं, तरी आतून कट असा आवाज आला. उघडून बघते तर बाईचं डावं पाऊल तुटून कापसात पडलेलं.

"काही नाही मॅडम," सुजाता म्हणाली. "कॉम्प्युटरमध्ये लावू."

शेड

शेडच्या दारात हनमंत उभा होता. सुजाताचा भागीदार, चाळिशीचा, शेड आहे त्याच गावचा. आयटीआय करून बरीच वर्षं कंपनीत शिफ्टमध्ये मशीन चालवलेला. "या बाई. हितं आदी आमचा गोठा हुता," त्यानं स्वागत केलं. "आता ह्यो बांधलाय." त्यानं बोट दाखवलं तिकडं एक भलामोठा नारिंगी यांत्रिक हात जमिनीत पक्का बसवलेला. मनगटाला वाळलेली झेंडूची माळ, दसऱ्याची. एका मोटार कारखान्यानं जुना झाला म्हणून काढून टाकलेला हा हात. "तिकडं दारं जोडायचा. हितं काय सांगाल ते कोरतुय."

शेड मला एखाद्या प्रदर्शनासारखी वाटली, फक्त इथं चित्रांखाली नावं नव्हती. एका कोपऱ्यात माणसापेक्षा उंच कान होता, मुंबईच्या कुणा कलाकाराचा. छताला टांगायची लाकडी पट्ट्यांची एक लाट होती, तिची एकही पट्टी दुसरीसारखी नव्हती. मला सगळ्यात आवडलं ते माती छापणारं यंत्र. ते म्हणजे चकलीचा सोऱ्याच. वरून ओली माती दाबायची आणि खाली नळीतून तिची दोरी पडत जाते, वेटोळ्यावर वेटोळं. अशा जाळीदार विटा होत होत्या, वारा खेळवणाऱ्या. एक वीट वाळताना खचून खाली बसली होती आणि हनमंत तिला शिव्या देत होता. यंत्रानं केलेली मातीसुद्धा बसते हे पाहून मला फार बरं वाटलं.

बाईला फिरत्या पाटावर ठेवलं. तिच्या अंगावर उजेडाचे पट्टे सरकले, आणि समोरच्या पडद्यावर ती राखाडी रंगात उमटली. सुजातानं उजवं पाऊल उचललं, आरशासारखं उलटं केलं आणि तुटलेल्या जागी चिकटवलं. सुबक काम. पण बाई एकदम कवायतीला बसल्यासारखी दिसायला लागली.

"दोन्ही पाय जुळे झाले गं," मी म्हणाले. "एवढा वेळ बसलेल्या बाईचं एक पाऊल तरी वाकडं पडेल."

सुजाताला पटलं. हनमंतनं खरं पाऊल डिंकानं जोडून दिलं आणि बाई पुन्हा पाटावर फिरली. मी मनात म्हटलं, चला, ही यंत्रं ऐकतात.

दुपारी कापणं सुरू झालं. नारिंगी हात थर्माकोलच्या ठोकळ्यावर आला, टोकाचं पातं घुमायला लागलं आणि सगळीकडं पांढरा भुसा उडाला. हे तुकडे एकमेकांना जोडायचे, वर मातीचा पातळ लेप, मग त्यावरून साचा, आणि शेवटी सिमेंट व दगडाच्या भुकटीत ओतकाम, असं ठरलं होतं. पहिला तुकडा पाठीचा. मध्ये जेवणाची सुट्टी झाली. हनमंतच्या घरून मासवडी आणि तिखट रस्सा आला होता. नावात मासा आहे म्हणून मी बिचकले, तर आत तीळ, खोबरं आणि लसूण. "आमच्याकडं पाव्हणा आला की ह्येच," हनमंत म्हणाला. आमच्याकडची येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी मी त्याला सांगितली. मसाला कुणाचा जहाल यावर थोडा वाद झाला आणि आम्ही हात धुतले.

परत आलो तोवर पाठ तयार होती.

मी तिच्यासमोर उभी राहिले आणि माझे डोळे भरून आले. खांद्यापासून कमरेपर्यंतचा उतार एका श्वासात ओढल्यासारखा. माझा हात धड होता तेव्हा मला अशी पाठ जमायची. "लई सुरेख उतरलीय," हनमंत म्हणाला. मी त्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बऱ्याच वेळानं सवयीनं मी खोक्यातली बाई काढून तिच्याशेजारी धरली.

मोठीच्या पाठीवर एकही लाट नव्हती.

"सुजाता," मी म्हणाले, "हे माझं नाही."

ती पडद्याकडंच बघत होती. "थोडं स्मूथ केलंय मॅडम. स्कॅनमध्ये नॉइज होता."

"नॉइज म्हणजे?"

"म्हणजे... नको असलेलं."

हनमंतनं मशीन बंद केलं. आवाज थांबल्यावर शेड एवढी मोठी वाटली की बोलायला भीती वाटावी.

"तो माझा हात आहे, सुजाता."

"माहितीये मला." आता ती वळली. "मॅडम, परवा हॉस्पिटलची माणसं येणार आहेत बघायला. तुमच्याबद्दल कुणी काही बोललेलं मला चाललं नसतं. पहिल्या वर्षाला तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून कान करायला शिकवलात. तो हात मला असा मोठा करून चार लोकांना दाखवायचा नव्हता. मला वाटलं, तुम्हालाही बरं वाटेल."

मला संतापायचं होतं, पण जमेना. कारण मला बरं वाटलंच होतं. रडले होते मी. ती पाठ मला हवी होती.

मी बाहेर जाऊन उंबऱ्याशी बसले. समोर कांद्याच्या वाफ्यात दोघी बायका खुरपत होत्या, आणि मागच्या रस्त्यावरून शिफ्टची बस जात होती. हळूहळू लक्षात आलं, की मला पूर्वी जमायची ती पाठसुद्धा अशी नव्हती. मी कधीच इतकं गुळगुळीत केलं नाही. माझी बोटं दिसायचीच, फक्त तेव्हा ती माझं ऐकायची. आणि या मोठ्या पाठीवर मानेखालची ती घडी कुठं गेली? सकाळपासून बसून आखडलेल्या बाईच्या मानेला पडते ती? सुजातानं कंप पुसला, त्याच्याबरोबर घडीही पुसली गेली. बाई आता कुणाची वाट बघत नव्हती. नुसती आरामात बसली होती.

मी आत गेले. "जसंच्या तसं काप," मी सांगितलं. "काही पुसू नकोस. आधी चेहरा घे."

सुजातानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मान डोलावली.

चेहरा झाला तेव्हा उन्हं उतरली होती. तिघंही समोर उभे राहिलो. वीतभर बाईच्या चेहऱ्यावर जे शहाऱ्यासारखं दिसत होतं, ते मोठं झाल्यावर खरजेसारखं दिसत होतं. एक पापणी झाडाच्या सालीसारखी. ओठाचा कोपरा गालावर घसरलेला. हट्टानं मागितलेलं हट्टानंच समोर आलं होतं.

"बाई, राग नका धरू," हनमंत म्हणाला, "पन ह्ये बरं न्हाई दिसत."

"नाही दिसत," मी म्हणाले.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणायची सुजाताला पुरेपूर संधी होती. ती म्हणाली नाही. व्हॅन काढून तिनं मला काळेवाडीला आणलं.

चेहरा

तिसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले ती चेहरा टाकून द्यायच्या तयारीनं. पण टाकायचाच आहे, तर हात तरी लावून बघावा असं वाटलं. मी शाडू भिजवला, हनमंतकडून पॉलिश पेपर आणि कानस घेतली. त्यानं चेहरा माझ्या उंचीला टेबलावर घट्ट बसवून दिला.

घसरलेल्या ओठापासून सुरुवात केली. हात थरथरत होता, नेहमीसारखाच. मातीची वळी ओठावर ठेवली, अंगठ्यानं दाबली, ओढली. मागं सरून पाहिलं. ओठ जागेवर होता.

मला वाटलं, चुकून झालं. मग पापणी घेतली. वीतभर बाईचा डोळा ज्वारीच्या दाण्याएवढा, त्यात माझ्या बोटाचा एक हेलकावा म्हणजे अख्खा डोळा गेला. इथं डोळा लिंबाएवढा होता. माझा कंप तेवढाच होता, पण इथं तो पापणीच्या कडेला नुसता हलून जात होता. मला जिथं पोचायचं तिथं मी पोचत होते. हाताला जागा मिळाली होती.

किती वेळ गेला कळलं नाही. सुजातानं मागून स्टूल सरकवलं तेव्हा पाय दुखतायत हे समजलं.

"मॅडम," तिचा आवाज बदललेला होता, "अहो, तुम्ही इतकी वर्षं उलटं करत होतात. हात हलायला लागला तेव्हा मोठं करायला हवं होतं."

"मोठं उचलणार कोण? चढणार कोण?"

"ह्यो हाय की," हनमंत नारिंगी हाताकडं बघून म्हणाला. "ह्याला काय, सांगाल तेवढं उचलतुय. पापनी तेवढी येत न्हाई त्येला."

मग मी सुजाताच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. पाठ पुन्हा कापायची होती. माउस तिच्या हातात, बोट माझं. इथं राहू दे. इथलं काढ. मानेची घडी परत आण, अजून, हां, बस. ती विचारायची, "हा कंप आहे की तुम्ही मुद्दाम केलंय?" काही ठिकाणी मला सांगता येईना. तिथं आम्ही दोघी वीतभर बाई हातात घेऊन डोळे मिटून बोट फिरवायचो आणि ठरवायचो. नांदेडच्या वर्गात मी तिला असंच शिकवायची. आता ती मला थांबवत होती, "मॅडम, हे कमी करू नका, छान आहे." खांद्यांवर तिनं माझ्या लाटा बऱ्याचशा ठेवून घेतल्या. एका जागी माझं ऐकलं नाही, आणि तिचं बरोबर निघालं.

निगडीची माणसं

प्रसूतिगृह चालवणारं डॉक्टर जोडपं चौथ्या दिवशी आलं. बाई अजून जोडलेल्या तुकड्यांची, पांढरी, चेहऱ्यावर तेवढी माती. कमलताईही बघायला आल्या होत्या. डॉक्टरीणबाई बाकाच्या मोकळ्या अर्ध्यावर बसल्या आणि वळून तिच्या चेहऱ्याकडं पाहत राहिल्या. "आमच्याकडं येणाऱ्या मुलींच्या आया अशाच बसतात," त्या म्हणाल्या. "चहा घ्या म्हटलं तरी घेत नाहीत."

डॉक्टर मागं उभे होते. त्यांनी खांद्यावरून हात फिरवला आणि भुवया जवळ आल्या. "हे ओबडधोबड आहे ते नंतर गुळगुळीत होईल ना? मशीनचं काम आहे, फिनिशिंग येत असेल."

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. माझ्या हाताबद्दल त्यांना सांगावं लागणार, हे मला दिसत होतं.

"नाही सर," सुजाता म्हणाली. "मशीन गुळगुळीत करू शकतं. आम्ही एकदा करून पाहिलं. मॅडमची पाठ अशीच आहे. अशीच राहील."

ती "बाईची पाठ" म्हणाली नाही, "मॅडमची" म्हणाली, हे तिच्या लक्षात आलं की नाही मला माहीत नाही. डॉक्टरांनी पुन्हा हात फिरवला, या वेळी सावकाश. "बरं," ते म्हणाले. कमलताई तोवर बाकावर डॉक्टरीणबाईंच्या शेजारी दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि त्यांना विचारत होत्या, बाकाला थोडी जास्त रुंदी देता येईल का, म्हणजे दोघीतिघींना बसता येईल. बाक रुंद करायचं ठरलं. कॉम्प्युटरमध्ये ते काम चहा होईपर्यंत झालं.

परत

नांदेडला आल्यावर मी सुताराकडून छातीएवढ्या उंचीची घडवंची करून घेतली. वीतभर काही करायचं मी सोडून दिलं आहे. आमच्या भागातल्या एका शाळेला बक्षीस समारंभासाठी पदक हवं आहे, त्यावर एका वाचणाऱ्या मुलीचा चेहरा. मुख्याध्यापक भीत भीत विचारायला आले होते, माझ्या हाताचं त्यांनी ऐकलं होतं. मी हो म्हणाले.

सुजाताला फोन केला, तर ती म्हणाली, "जेवढं मोठं जमेल तेवढं करा मॅडम. लहान करणं तर अजून सोपं. लहान होताना कंपही लहान होतो."

शाळेला हवं आहे तळहाताएवढं पदक. मी परातीएवढा चेहरा घडवायला घेतला आहे.